मुरमाच्या कोर्टावर कोणाचा खेळ? फेडरर, नदाल की जोकोविच

वणीकडच्या एका मित्राने शेताच्या कडेला पडीत असलेल्या तुकड्यावर मुरूम टाकून टेनिसचं कोर्ट केलं. पोरगा अकरा वर्षांचा. रॅकेट आली, जाळी आली, आणि मागच्या आठवड्यात रात्री नऊला मित्राचा फोन आला. "भाऊ, पोट्ट्याले मोबाइलवर कोनाच्या मॅचा दाखवू? फेडररच्या, नदालच्या का त्या जोकोविचच्या? एकच नाव सांग. तीन दाखवल्या का त्याचा मेळ बसत नाई."

मी म्हटलं, सांगतो. आणि आठ दिवस सांगितलं नाही. हा निकाल मी स्वतःसाठी एकदा लावला आहे, आणि तो लावता लावता माझे सहा-सात उन्हाळे गेले. फोनवर दोन मिनिटांत उरकण्यासारखं ते नाही, म्हणून लिहायला बसलो.

कोण मोठा, हा प्रश्न आधी बाजूला ठेवू. फेडरर 20, नदाल 22 आणि जोकोविच 24 हे ग्रँड स्लॅम विजेतेपदांचे आकडे आता आमच्या पानठेल्यावरही पाठ आहेत. आपसातल्या लढतींत जोकोविच दोघांच्याही पुढे, नदालशी 31-29 आणि फेडररशी 27-23. नदाल फेडररच्या पुढे, 24-16. यावर रात्रभर भांडता येतं. आम्ही भांडलोही आहोत, त्यात एकदा एकाची चप्पल हरवली. पण मित्राने विचारलंय ते वेगळं आहे. कोणाचा खेळ उचलायचा? पाहायला आवडतो तोच खेळ उचलावा असं नसतं, हे मला फार उशिरा कळलं.

माझं कोर्ट आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे.

मी हिंगणघाटच्या बाजूला एका जिनिंगमध्ये काट्यावर असतो. दिवाळीपासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत आमच्या पटांगणात कापसाच्या गंज्या, ट्रॅक्टर आणि मेटाडोरच्या रांगा. पाय ठेवायला जागा नसते. कापसाची उलंगवाडी झाली की पटांगण मोकळं होतं. पूर्वीच्या एका मॅनेजरला टेनिसचा नाद होता, त्याने कोपऱ्यात लोखंडी खांब गाडून कोर्ट आखलं होतं. तो बदलून गेला, खांब राहिले. दर एप्रिलमध्ये आम्ही चार-पाच जण बांधकामाच्या चाळणीतून मुरूम चाळतो, पसरतो, पाइपाने पाणी मारतो, रोलर फिरवतो आणि फक्कीने रेषा मारतो. मृगाचा पहिला पाऊस आला की खेळ बंद. म्हणजे युरोपात मातीचा हंगाम जो मोंटे कार्लोला सुरू होऊन पॅरिसला संपतो, जवळजवळ तेवढाच आमचा हंगाम. फरक एवढाच की त्यांच्याकडे तेव्हा वसंत असतो आणि फ्रेंच ओपनच्या पहिल्या आठवड्यात आमच्याकडे नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस. आम्ही पहाटे साडेपाचला उतरतो आणि सव्वासातला सावली शोधतो.

आणखी दोन गोष्टी. पॅरिसच्या कोर्टावर वर जो लाल थर दिसतो तो विटांचा बारीक चुरा, तोही मिलिमीटर-दोन मिलिमीटर जाड, आणि त्याच्याखाली दाबलेली चुनखडी. तिथे बॉल कुठून कसा उठेल याचा भरवसा असतो. आमच्या मुरमात कितीही चाळलं तरी हरभऱ्याएवढे खडे राहतातच. दुसरी गोष्ट, कोर्टाच्या एका टोकाला मागच्या रेषेपासून आठ फुटांवर सरकीच्या गोदामाची भिंत आहे. नियमाप्रमाणे मागे वीस-एकवीस फूट जागा सोडतात. त्या मॅनेजरने सोडली नाही, कारण गोदाम त्याच्या आधीपासून तिथे होतं.

आता फेडरर.

माझी सुरुवात त्याच्यापासून झाली आणि माझ्या वयाच्या बहुतेकांची तशीच झाली असेल. त्याच्याआधी सॅम्प्रस आणि अगासी होते. एकाची सर्व्हिस आणि जाळीकडे धाव, दुसऱ्याचं मागच्या रेषेवर पाय रोवून परतवणं. त्यांच्या 34 लढतींपैकी 20 सॅम्प्रसने जिंकल्या. 2001 च्या यूएस ओपनमध्ये उपांत्यपूर्व फेरीत ते चार सेट खेळले, आणि सर्व्हिस एकाचीही एकदासुद्धा तुटली नाही, म्हणजे स्वतःच्या सर्व्हिसचा गेम कोणीच हरला नाही; चारही सेट टायब्रेकवर गेले. दोन वेगळे खेळ एकमेकांसमोर इतक्या स्वच्छ उभे राहिलेले मी नंतर फारसे पाहिले नाहीत. कारण त्याच सुमारास जमीनच बदलली. विम्बल्डनवाल्यांनी 2001 मध्ये गवताचं बियाणं बदललं, निव्वळ रायग्रास पेरलं; खालची जमीन घट्ट झाली आणि बॉल वर उसळू लागला. 2002 च्या अंतिम सामन्यात ह्युइट आणि नालबंदियन, दोघेही मागच्या रेषेवरून खेळणारे. तिकडे रॅकेटला पॉलिएस्टरच्या तारा आल्या. ब्राझीलच्या कुएर्तेनने 1997 मध्ये त्या लावून पॅरिसचं फ्रेंच ओपन जिंकलं आणि हळूहळू सगळ्यांनी धरल्या. या तारांनी बॉलला फिरकी इतकी बसते की जोरात मारलेला बॉलही रेषेच्या आत खाली येतो. मग जाळीकडे धावणाऱ्याच्या पायात किंवा अंगावरून बॉल घालणं सोपं झालं. बियाणं आणि तार, दोन्ही बदलल्यावर खेळ बदलणारच होता. कास्तकाराला हे वेगळं सांगायला नको.

फेडरर या दोन्ही काळांच्या मधल्या धुऱ्यावर उभा होता. 2001 ला विम्बल्डनमध्ये त्याने सॅम्प्रसला हरवलं ते सॅम्प्रससारखंच जाळीवर जाऊन. नंतर तो मागे राहून जिंकायला शिकला. पण एका हाताचा बॅकहँड, म्हणजे रॅकेटच्या हाताच्या उलट्या बाजूला आलेला बॉल मारायचा फटका, त्याने सोडला नाही. तो बॅकहँड पाहूनच मी बिघडलो.

6 जुलै 2008 ची रात्र. नदालशी विम्बल्डनचा अंतिम सामना. फेडरर दोन सेट मागे पडला आणि मग दोन्ही टायब्रेक जिंकून बरोबरीला आला. आमच्या घरी सात जण टीव्हीसमोर, बाहेर रिमझिम, दुपारी डवरणी करून आलेले दोघे बसल्या बसल्या झोपलेले. पाचव्या सेटमध्ये 2-2 झाले आणि तिकडे पाऊस आला, खेळाडू आत गेले. इकडे लाईट गेली. त्या वर्षी भारनियमन असं होतं की गेलेली लाईट कधी येईल हे विचारायची सवयच मोडली होती. ती पहाटे आली. सकाळच्या पेपरात निकाल नव्हता, कारण सामना संपला तेव्हा आपल्याकडे पावणेदोन वाजले होते आणि आमच्या भागाचा अंक तोवर छापून निघाला होता. दुपारी कोणीतरी नागपूरला फोन लावला तेव्हा कळलं, नदाल, 9-7. मी तो सेट अनेक वर्षांनी मोबाइलवर पाहिला. निकाल माहीत असूनही 7-7 ला हाताला घाम आला.

तर असा मी फेडररवाला. एप्रिल आला की एका हाताचा बॅकहँड. मारल्यावर डावा हात मागे, उजवा हात आकाशात. बॉल कुठे जायचा ते विचारू नका, पण पोज बरोबर होती.

आमच्यात एक जण डावखुरा आहे. आमच्याकडे अशा माणसाला डेबऱ्या म्हणतात, त्यात राग नसतो. चार एकर कापूस, दोन एकर तूर, आणि फवारणीचा पंप पाठीवर घेऊन घेऊन खांदे असे झालेले की रॅकेट त्याच्या हातात खेळण्यासारखी दिसते. नदाल त्याने सुरुवातीला पाहिलाही नव्हता. पण तो फोरहँड खालून वर असा ओढायचा की बॉल जाळीच्या वरून पाच-सहा फूट जाऊन माझ्या बॅकहँडला पडायचा आणि तिथून उसळून थेट कानाशी यायचा.

कानाशी आलेल्या बॉलला एका हाताने मारायचं म्हणजे काय, ते ज्याने केलं नाही त्याला मी असं सांगतो. भरलेली बादली एका हाताने कमरेजवळ धरा, जमतं. तीच खांद्याच्या वर धरून पुढे ढकला. मनगट आधी बोलतं, मग कोपर. कमरेच्या उंचीवरचा बॉल एका हाताने जितका सुंदर जातो, तितकाच खांद्यावरचा मरतुकडा निघतो. एक तर स्लाइस करून नुसता परत टाकायचा, नाही तर मागे-मागे जात तो खाली येईपर्यंत थांबायचं. डेबऱ्याला हे पंधरा मिनिटांत कळलं. त्यानंतर चार उन्हाळे त्याने दुसरं काहीही केलं नाही. प्रत्येक बॉल तिथेच. मी चिडून विचारलं, "काहून गा, दुसरीकडे मारता येत नाही का?" तो म्हणाला, "येते ना. पन तुमी तिथूनच देता ना पॉइंट."

मला खेळ बदलायला लावणारी कटकट ती हीच. बाकी सगळे मुद्दे मी नंतर गोळा केले. निकाल हिनेच लावला.

फेडररसोबत नदालने हेच केलं, आणि माझ्या डेबऱ्यापेक्षा अर्थातच पुष्कळ मोठ्या पातळीवर. रोलाँ गॅरोला, म्हणजे फ्रेंच ओपनमध्ये, दोघं सहा वेळा भेटले, सहाही वेळा नदाल. 2008 चा अंतिम सामना 6-1, 6-3, 6-0. मी तो पाहताना घरच्यांना सांगत होतो की फेडररची तब्येत बरी नसेल. तब्येत ठणठणीत होती. बॉल खांद्यावर येत होता.

आता कोणी म्हणेल, 2017 विसरलात काय? नाही विसरलो. ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम सामन्यात फेडररने नदालला पाच सेटमध्ये हरवलं, तेही त्याच बॅकहँडने. रॅकेट त्याने काही वर्षांपूर्वीच मोठी केली होती, 90 चौरस इंचांची 97. आणि बॉल खांद्यापर्यंत चढू द्यायचाच नाही, टप्पा पडला की वर येता येताच पुढे सरसावून सपाट मारायचा, हे त्याने त्या सामन्यात शेवटपर्यंत धरून ठेवलं. पस्तीस वर्षांच्या माणसाने इतक्या जुन्या दुखण्यावर असा इलाज काढावा, हे पाहून मी त्या एप्रिलमध्ये तेच करायचं ठरवलं.

पहिल्या दिवशी तीन बॉल बरे गेले. चौथा बॉल डेबऱ्याने नेहमीसारखा टाकला, मी आत सरसावलो, रॅकेट पुढे केली आणि बॉल टप्प्यावर एका खड्याला लागून उजवीकडे फुटला तो सरळ माझ्या चष्म्यावर. काडी मोडली. पुढचे पंधरा दिवस काट्यावर बसून मी दोऱ्याने बांधलेल्या चष्म्यातून वजनं वाचत होतो आणि ट्रॅक्टरवाले विचारायचे, साहेब, वजन बरोबर दिसते ना?

बॉल वर येता येता मारायचा तर तो खरा उठला पाहिजे. मेलबर्नच्या कोर्टावर तो खरा उठतो. आमच्या मुरमावर दहातले दोन खोटे उठतात, आणि आत सरसावलेल्या माणसाला सावरायला वेळच उरत नाही. म्हणजे फेडररच्या दुखण्यावरचा फेडररचाच इलाज माझ्या जमिनीत उगवत नाही.

हे लिहिताना मला जरा वाईट वाटतं. एका हाताने मातीवर जमतच नाही असं मी म्हणत नाही. ज्या कुएर्तेनचं नाव वर आलं त्याने एका हाताच्या बॅकहँडने तीनदा पॅरिस जिंकलं. जस्टिन हेनाँ, अंगापिंडाने लहानखुरी, तिने चारदा. वावरिंकाने 2015 मध्ये तिथेच अंतिम सामन्यात जोकोविचला हरवलं, तेही एका हातानेच. पण ही माणसं त्या फटक्यासाठीच जन्मली होती असं मला वाटतं. फेब्रुवारी 2024 मध्ये पुरुषांच्या पहिल्या दहांत एका हाताने बॅकहँड मारणारा एकही उरला नाही; 1973 पासून क्रमवारी निघते आहे, त्यात असं पहिल्यांदाच झालं. अकरा वर्षांच्या पोराला आता ते शिकवायचं म्हणजे देशी कापसाचं बियाणं शोधत फिरण्यासारखं आहे. कोणी शोधत असेल तर मी त्याला आडवा येणार नाही. एखाद्याच्या घरी सिमेंटचं कोर्ट असेल, टप्पा खरा असेल, तर माझा हा सगळा युक्तिवाद त्याच्यासाठी नाही.

मग नदाल का नाही? मातीचा राजा, चौदा वेळा पॅरिस, तिथे 116 सामने खेळून फक्त चार हरला. मुरमावर खेळणाऱ्याने त्याचाच फोटो लावावा, असं कोणालाही वाटेल. मलाही वाटलं. एका उन्हाळ्यात मी नदालही होऊन पाहिलं.

पहिली अडचण भिंतीची. नदाल सर्व्हिस घ्यायला मागच्या रेषेपासून दहा-पंधरा फूट मागे उभा राहतो, कधी तर रेषेवरच्या पंचांच्या मांडीवर बसतो की काय असं वाटतं. उसळलेला बॉल खाली उतरू द्यायचा आणि मग पूर्ण अंग वापरून तो फिरवायचा. त्याला जागा लागते. माझ्यामागे आठ फुटांवर गोदाम. मी दोन दिवसांत रॅकेटची कड भिंतीवर घासून घेतली आणि तिसऱ्या दिवशी पाठ. दुसरी अडचण तारांची. त्याच्यासारखी फिरकी काढायला मी नागपूरहून पॉलिएस्टरचं गटिंग करून आणलं. फिरकी थोडी आली, कोपरात चमक पुष्कळ आली. सकाळी चहाचा कप उचलताना कळ यायची. हे सगळ्यांना होईल असं नाही, माझं वय आणि माझी पद्धत दोन्ही कारणीभूत असतील; पण वाढत्या वयाच्या पोराच्या हाताला मी ते गटिंग लावणार नाही.

तिसरी गोष्ट नदालची स्वतःची. तो लिहितो उजव्या हाताने, खेळतो डाव्या. त्याचा तो दांडपट्ट्यासारखा डोक्यावरून जाणारा फोरहँड उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या बॅकहँडवर चढतो म्हणून इतका विषारी आहे. उजव्या हाताच्या पोराने तोच मारला तर तो समोरच्या उजव्याच्या फोरहँडला जाऊन पडतो, आणि समोरचा आभार मानतो. डेबऱ्याने मात्र नदाल जरूर पाहावा, आणि त्याने पाहिलाही. 2022 ला मोबाइलवर पॅरिसचा अंतिम सामना पाहताना म्हणाला, "भाऊ, हा तं माह्यासारखा खेळते." नदालच्या पायाची दुखणी, गुडघे, पाय सुन्न करणारी इंजेक्शनं यांच्याबद्दल मी बोलत नाही. त्याने ते सगळं सोसून जे केलं त्यापुढे बोलायचा मला अधिकार नाही. शिवाय रॅकेट आपटताना मी त्याला कधी पाहिलं नाही. हा एक गुण पोराला दाखवायचा असेल तर नदालच दाखवा.

जोकोविच आमच्यात कोणाला आवडत नव्हता, हे आधीच सांगतो. सर्व्हिसच्या आधी बॉल किती वेळा टप्पे खायचा ते आम्ही मोठ्याने मोजायचो, अठरा, एकोणीस, वीस, आणि एक जण ओरडायचा, "मार ना बाप्पा!" त्याचा खेळ पाहताना कोणी उठून उभं राहत नाही. फेडररचा एखादा फटका आपण दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर हात फिरवून दाखवतो, जोकोविचचा कोणता दाखवणार? 2019 च्या विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात पाचव्या सेटला फेडररकडे 8-7 ला सर्व्हिस आणि दोन मॅच पॉइंट होते. जोकोविचने दोन्ही वाचवले आणि 13-12 ने सेट घेतला. त्या रात्री आमच्याकडे लाईट होती, हेच वाईट झालं. टीव्ही मीच बंद केला आणि जेवलो नाही.

पण पुढच्या उन्हाळ्यात टाळेबंदीमुळे जिनिंग बंद, आणि मोबाइलशिवाय काम नाही, तेव्हा मी तोच सामना पुन्हा पाहिला. या वेळी बॉल सोडून फक्त जोकोविचचे पाय पाहिले. मागच्या रेषेपासून तो फार लांब जातच नाही. फेडरर सर्व्हिस करायला हात वर नेतो, हा छोटीशी उडी मारून पाय फाकवून उतरतो, आणि बॉल येतो तेव्हा रॅकेट मागे नेतच नाही म्हटलं तरी चालेल. दोन हात, छोटा हिसका, बॉल परत समोरच्याच्या बुटांजवळ. खांद्यावर आलेला बॉल? दुसरा हात वर ढकलतो. वाकडा उठलेला बॉल? हिसका छोटा असल्याने शेवटच्या क्षणी सावरता येतं. मागे भिंत? तो मागे जातच नाही.

माझ्या तिन्ही दुखण्यांची औषधं मला न आवडणाऱ्या माणसाकडे निघाली.

दोन हातांचा बॅकहँड शिकताना मी चाळीशीला टेकलो होतो. पहिले तीन आठवडे डावा हात आपला नसल्यासारखा वागला. वहीत नोंद ठेवलेली नाही, मोजमाप कोणी केलं नाही, त्यामुळे मी एवढंच सांगू शकतो की डेबऱ्याने त्या हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात पहिल्यांदा माझ्या फोरहँडला बॉल टाकला. तो काही बोलला नाही, मीही नाही. पण नवतप्यातल्या त्या सकाळी मला जो आनंद झाला तो फेडररच्या पोजने कधी दिला नव्हता.

खोट काढायची तर जोकोविचमध्येही आहे. रागावर ताबा नाही. 2020 च्या यूएस ओपनमध्ये चिडून मागे मारलेला बॉल रेषेवरच्या बाईंना लागला आणि त्याला बाहेर काढलं. रॅकेटींचे तुकडे तर किती. पोराला त्याचे सामने दाखवताना बाप शेजारी बसलेला बरा. त्याच्यासारखी घोट्यापर्यंत वाकणारी, घसरत घसरत परत उभी राहणारी कंबर कोणाला मिळणार नाही, आणि मिळवायच्या नादात पोराने जांघ ओढून घेऊ नये. पण मुरमावर घसरणं आपोआप येतं. आमच्याकडची पोरं गावच्या कबड्डीत तेच करत मोठी होतात.

एक गोष्ट मला त्याच्याबद्दल नंतर समजली आणि ती मनात बसली. त्याची सुरुवात कुठल्या मोठ्या क्लबात झाली नाही. सर्बियातल्या कोपाओनिक नावाच्या डोंगरावर आईबापांचं खाण्याचं दुकान, समोर नवी कोर्टं झाली, पोरगा जाळीला टेकून पाहत राहायचा. येलेना गेंचिच नावाच्या प्रशिक्षक बाईंनी त्याला आत बोलावलं तेव्हा तो सहा वर्षांचा. 1999 मध्ये बेलग्रेडवर अडीच महिने बॉम्ब पडत होते तेव्हा तो बारावं लागलेला पोरगा रॅकेट घेऊन फिरत होता. जिथे जे कोर्ट मिळेल तिथे खेळलेल्या माणसाचा खेळ कोर्टाला नावं ठेवत नाही, असं मला आपलं वाटतं. याला पुरावा काही नाही.

आत्ताच्या पिढीतल्या अल्कराझ आणि सिनरचं कोणी विचारेल. मीही पाहतो. 2025 चा पॅरिसचा अंतिम सामना साडेपाच तासांत एकच मिनिट कमी चालला, अल्कराझने तीन मॅच पॉइंट वाचवले, आणि या वेळी लाईट पूर्णवेळ होती. सिनरकडे पाहिलं की जोकोविचचीच घडी दिसते, थोडी जास्त जोराची. अल्कराझ मात्र तिघांचं थोडं थोडं घेऊन आला आहे, वर त्याचा तो जाळीमागे मरून पडणारा ड्रॉप शॉट. पोराने त्याला पाहावं, हसावं, पण उचलायला लागू नये; ज्याच्या हातात सगळेच फटके आहेत त्याच्याकडून शिकणाऱ्याला कोणता फटका कधी हे कळत नाही. दोन-तीन वर्षांनी बघू. डेबऱ्याने या उन्हाळ्यात ड्रॉप शॉट सुरू केलाय, तो वेगळा विषय आहे आणि मला सध्या त्यावर बोलायचं नाही.

फेडररचे सामने मी आजही लावतो. रात्री जेवण झालं की, आवाज बंद करून. 2024 मध्ये एका विद्यापीठात केलेल्या भाषणात त्याने सांगितलं होतं की कारकिर्दीत 1526 एकेरी सामन्यांतले जवळजवळ ऐंशी टक्के जिंकले, पण पॉइंट जिंकले ते फक्त 54 टक्के. हे वाक्य मी डेबऱ्याला ऐकवलं. तो म्हणाला, "म्हंजे आपल्यात अन् त्याच्यात लय फरक नाई."

काल मित्राला फोन केला. म्हटलं, नाव सांगायच्या आधी एक विचारतो, मागच्या रेषेमागे जागा किती सोडली?

"एका बाजूनं धुऱ्यालोक पंचवीस फूट हाये. मोकळं."

"आणि दुसऱ्या बाजूने?"

"तिकडं इहीर हाये."

"किती फुटांवर?"

"धा-बारा असन."

"कठडा?"

"नाई ना. औंदा बांधू म्हनलं."

मी त्याला सांगितलं, आधी विहिरीला कठडा बांध, वरून जाळी टाक, आणि ते होईपर्यंत पोराला नदालचा एकही सामना दाखवू नको. जोकोविच लाव. सर्व्हिस घेताना तो कुठे उभा राहतो तेवढंच पाहायला सांग.